१९७१ची यादी आणि गिटारभक्त

झालं, पुन्हा १९७१! या आठवड्यात एका वाचकाने त्या वर्षातल्या दहा सर्वोत्तम रॉक-पॉप अल्बमची यादी धाडली आहे आणि खाली दम भरलाय, 'आता यावर लिहाच.' लिहितो. पहिला 'लेड झेपेलिन ४', दुसरा 'हूज नेक्स्ट', तिसरा 'स्टिकी फिंगर्स', मग 'अ‍ॅक्वालंग' वगैरे. मार्व्हिन गेचा 'व्हॉट्स गोइंग ऑन' नववा, उपकार केल्यासारखा. जोनी मिचेलचा 'ब्लू' दहावा. कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' नाहीच. कारण? 'फार लोकप्रिय.'

गिटार सोलोच्या लांबीवरून अल्बमची उंची ठरवणाऱ्या जमातीबद्दल माझं मत तुम्हाला पाठ आहे. त्यात सुधारणा नाही.

पण जाणकार म्हणवणारेही 'टॅपेस्ट्री'ला जरा खालीच बसवतात. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००३च्या सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत 'ब्लू' ३०वा होता, 'टॅपेस्ट्री' ३६वा. २०२०मध्ये 'ब्लू' थेट तिसरा, 'टॅपेस्ट्री' २५वा. (झेपेलिन ५८वा, वाचकाने नोंद घ्यावी.) गंमत म्हणजे दोन्ही अल्बम १९७१चेच, हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले. दोन्हींत जेम्स टेलरची गिटार, दोन्हींत रस कंकेलचे ड्रम. 'ब्लू'मध्ये जोनी आडोसाच ठेवत नाही. एखादं वाद्य, तो आवाज आणि मोडलेलं प्रेम. याला समीक्षक धाडस म्हणतात, आणि ते आहेच.

आता 'टॅपेस्ट्री'तलं 'विल यू लव्ह मी टुमॉरो' ऐका. कॅरोलने ते नवरा गेरी गॉफिनबरोबर शिरेल्स या गायिकांच्या गटासाठी रचलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. तिथे ते उडत्या चालीचं, व्हायोलिनांनी सजवलेलं गाणं. दहा वर्षांनी, घटस्फोटानंतर, दोन मुलींची आई झालेली कॅरोल तेच गाणं पियानोवर संथ लयीत गाते. शब्द तेच, पण आता विचारणारीला उत्तर ठाऊक आहे. आणि मागून साथीला कोण गातंय? जेम्स टेलर आणि खुद्द जोनी मिचेल! हे धाडस नव्हे तर काय? फक्त कॅरोल त्याचा गाजावाजा करत नाही, म्हणून समीक्षकांच्या ते कानावरून जातं.

'टॅपेस्ट्री'चा खरा गुन्हा हा, की तो अमेरिकेत १५ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. लोकांना आवडलं म्हणजे हलकं, हा न्याय आपल्याकडे भावगीतांनीही पुरेसा सोसलाय.

तर माझा क्रम: 'टॅपेस्ट्री', 'ब्लू', 'व्हॉट्स गोइंग ऑन'. चौथ्यापासून पुढे भांडायला मी मोकळा आहे. झेपेलिन सातवा, आणि तोही ड्रमर जॉन बोनमसाठी.