भिंतीवरचा आदिवासी

दोस्तांनो, आपल्या शहरातल्या बागांकडे नीट बघा. कंपाउंडच्या भिंतीला गेरूसारखा ऑइलपेंट, त्यावर पांढरी काटकुळी माणसं गोल धरून नाचतायत. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की झाला आदिवासी! 2023 च्या फेब्रुवारीत जी-20 च्या महिला पाहुण्या यायच्या होत्या, तेव्हा तर अख्खं शहर रंगवून काढलं.

परवा अशाच एका भिंतीपुढं एक साहेब पोराला सांगत होते, 'बघ, किती सुखी लोक. नुसते नाचतात.' आपलं डोकंच सणकलं.

अरे, हे चित्र कुठून आलं ठाऊक आहे का? डहाणू-तलासरीकडं वारल्यांच्या घरी लग्न निघालं की सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. चौक काढत नाहीत, लिहितात. तांदळाच्या पिठाचं पाणी, बांबूची काडी, मधोमध पालघट देवी. आणि ह्याच लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज काढलं की नवराबायको दोघंही त्याचे वेठबिगार. त्यांना नावच होतं, लग्नगडी. 1945 साली वारली ह्या गुलामीविरुद्ध लाल बावट्याखाली उठले. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच मेले.

बागेच्या भिंतीवर नाच आला. लग्नगडी का नाही आला? तलवाडा का नाही आला?

कला सगळ्यांची असते म्हणे. कबूल. भिंती पुसा असं आमचं म्हणणं नाहीच. पण ह्या चित्राला नाव-गाव आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसेंनी ते भिंतीवरून कागदावर नेलं, जगभर पोचवलं. 2011 ला पद्मश्री, 2018 ला गेले. 2014 ला वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हक्काचा कागदसुद्धा आहे. तरी भिंतीचं टेंडर ठेकेदाराला, काम रोजावरच्या पोराला, आणि वारल्याला काय? घंटा! आपल्याला हे नवं नाही. हलगी आपली, ढोलकी आपली, गल्ला दुसऱ्याचा.

आणि वारलीच का? आपल्याच जिल्ह्यात कन्नड-सोयगावच्या डोंगरात भिल्ल राहतो. त्याला कुणी विचारलं का, बाबा, शहराच्या भिंतीवर तुला काय सांगायचंय?

म्हणून महापालिकेला आपलं सरळ मागणं आहे. ज्यांची कला त्यांना बोलवा, बायांना आधी. रोजंदारी नको, कलावंताचं मानधन द्या. चित्राखाली नाव आणि गाव लिहा. काय काढायचं ते त्यांना ठरवू द्या. त्यांनी लग्नगडी काढला तर पाहुण्यांना तोही बघू द्या.

आणि तुम्ही पोरांनो, पुढच्या वेळी भिंतीपाशी रंगाचे डबे दिसले की थांबा. विचारा, हात कुणाचा? पैसा कुणाला? उत्तर मिळेस्तोवर तिथून हलू नका.