पंचेचाळिसाव्या क्रमांकामागची वर्षं

13 फेब्रुवारी 2022. बीजिंगजवळच्या यानचिंगच्या डोंगरावर दाट हिम पडत होतं. पुढचं फाटक धड दिसेना. फाटकांमधून वळणं घेत उतरायच्या जायंट स्लॅलम या स्की-शर्यतीत जवळजवळ निम्मे स्पर्धक घसरून किंवा फाटक चुकून बाद झाले. काश्मीरचा आरिफ खान दोन्ही फेऱ्या उतरला आणि 45वा आला. सुवर्णपदक मिळवणाऱ्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटपेक्षा तो अर्ध्या मिनिटाहून अधिक मागे होता. त्या हिवाळी ऑलिंपिकमधला भारताचा तो एकमेव खेळाडू. तीन दिवसांनी स्लॅलममध्ये तो पहिल्याच फेरीत बाद झाला आणि आपल्याकडची बातमी संपली.

एवढ्यावर त्याची कारकीर्द तोलणं अन्यायाचं आहे.

आरिफच्या वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान. चौथ्या वर्षीच पोराच्या पायात स्की आल्या. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत त्याने दोन सुवर्णपदकं जिंकली, तरी ऑलिंपिक गाठायला पुढे अकरा वर्षं गेली. ही वर्षं खाल्ली ती गुणांनी. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या शर्यतीत विजेत्याच्या किती मागे राहिलात आणि सोबतचे स्पर्धक किती तगडे होते, यावर गुण ठरतात. ते जितके कमी, तितके चांगले. ते कमवायचे तर अख्खा हिवाळा परदेशात एका उतारावरून दुसऱ्या उतारावर काढावा लागतो. प्रशिक्षक, मुक्काम, लिफ्टचे पास, स्कींच्या जोड्या, सगळं पदरमोड करून. 2018 च्या ऑलिंपिकआधी आरिफने लोकांकडे वर्गणी मागितली. पैसे पुरले नाहीत, संधी हुकली. पुढे जेएसडब्ल्यू स्पोर्ट्सचं पाठबळ मिळालं. बीजिंगसाठी त्याने लग्नही पुढे ढकललं. सरकारने युरोपातल्या सरावासाठी 17.46 लाख रुपये मंजूर केले, पण तेव्हा ऑलिंपिक काही आठवड्यांवर आलं होतं.

आणि स्लॅलमची पात्रता त्याने कुठे मिळवली? वाळवंटातल्या दुबईत, छपराखालच्या कृत्रिम उतारावर. हिमालय घरात असलेल्या देशाच्या खेळाडूला तिथे जावं लागलं, हे मनाला लागतं.

गुलमर्गला बर्फाला काय तोटा, असं गोंडोलात बसून आलेल्या आपल्या मराठी पर्यटकांना वाटणं साहजिक आहे. पण पर्यटकाला सुखावणारं भुसभुशीत हिम शर्यतीला चालत नाही. शर्यतीचा उतार पाणी मुरवून, गोठवून काचेसारखा टणक करावा लागतो, म्हणजे शेवटच्या स्पर्धकालाही खळगे लागत नाहीत. अशा उतारावर स्कीची धारदार कड रोवून वळणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते लहानपणीच अंगात मुरतं. त्यात आता हिमाचाही भरवसा उरलेला नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची मैदानं उघडी पडली होती. 2025 मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा हिम नसल्याने फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या.

म्हणून मदत ऑलिंपिकच्या तोंडावर नको, बारा-तेरा वर्षांच्या मुलांपासून हवी. गुलमर्ग आणि उत्तराखंडातल्या औलीला शर्यतीसाठीच राखलेला, कृत्रिम हिमाची हमी असलेला एकेक उतार हवा. निवडक मुलांना सलग चार-पाच हिवाळे युरोपात शर्यती खेळता येतील एवढा पैसा आधीच बाजूला ठेवायला हवा. आजवर हा भार घरच्यांनीच उचलला. मनालीजवळच्या बुरुवा गावच्या आंचल ठाकूरने 2018 मध्ये तुर्कस्तानात स्लॅलमचं कांस्य जिंकलं. तिलाही स्की शिकवल्या त्या तिच्या वडिलांनीच.