क्लेमचा वकील हवाच, टक्का नको

अपघाताच्या क्लेमचे वकील म्हणजे मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे, असं सर्रास बोललं जातं. कारणं तीन सांगतात. रक्कम कायद्यानेच ठरते, मग वकील करतो काय? खोटे दावे तोच उभे करतो. आणि मिळालेल्या पैशात टक्का मागतो.

पहिला आक्षेप अज्ञानातून येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 प्रमाणे मृत्यूबद्दल 5 लाख रुपये कुणाची चूक सिद्ध न करता मिळतात, हे खरं. पण विमा कंपनीशी तडजोड करून ते घेतले, की न्यायाधिकरणापुढचा दावा संपतो. दावा लढवला तर? समजा, 32 वर्षांचा टेम्पोवाला वाशीच्या बाजारात भाजी पोचवताना दुसऱ्याच्या चुकीने गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. महिन्याच्या 15 हजारांच्या कमाईत भावी वाढीचे 40 टक्के मिळवायचे, त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा आणि वर्षाच्या रकमेला वयानुसार 16 ने गुणायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 आणि 2017 च्या निकालांतल्या या हिशेबाने 30 लाख 24 हजार होतात. पुराव्याअभावी कमाई 8 हजारच धरली, तर 16 लाख 12 हजार 800. सूत्र तेच, पण घर 14 लाखांना मुकलं. पगाराची स्लिप नसलेल्या माणसाची कमाई सिद्ध करायला बाजारातल्या पावत्या, टेम्पोच्या कर्जाचे हप्ते, गाळेवाल्याची साक्ष जमवावी लागते. उलटतपासणीला समोर विमा कंपनीचा मुरलेला वकील. नवऱ्याचे दिवस नुकतेच घातलेली बाई तिथे एकटी कशी टिकणार?

खोटे दावे होतात. उत्तर प्रदेशात तर उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं. पण बनावट दाव्याला खोटा पंचनामा आणि खोटा दाखलाही लागतो. म्हणून पोलीस ठाणी आणि इस्पितळं नकोत, असं कुणी म्हणत नाही.

टक्क्याचा आक्षेप मात्र बिनतोड आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. अपघातात नवरा गेलेल्या एका बाईने वकिलाला दिलेला फीचा चेक वटला नाही, म्हणून तिच्यावर फौजदारी खटला भरला गेला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि टक्केवारीची फी लोकनीतीविरुद्ध ठरवली. तरीही ‘आत्ता काही देऊ नका, पैसे आल्यावर बघू’ हा सौदा चालतो, कारण कर्ता गेलेल्या घरात आगाऊ फीपुरता पैसा नसतो.

तेव्हा इलाज फीवर हवा. न्यायाधिकरणाने निवाड्यातच वाजवी फी ठरवावी, विमा कंपनीने ती भरपाईखेरीज वेगळी भरावी आणि भरपाई थेट वारसांच्या खात्यात जावी. प्रामाणिक दावा फेटाळला गेला, तर किमान फी विधी सेवा प्राधिकरणाने द्यावी. वकिलालाच हाकललं, तर फायदा विमा कंपनीचा. तिचा वकील कोर्टात राहणारच आहे.