सिकलसेल : रिपोर्ट मुलाचाही मागा

वधू-वर परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर शिक्षण, नोकरी, उंची, रंग सारे विचारले जाते. सिकलसेलचा रकाना मात्र क्वचितच असतो. विदर्भात आदिवासी बांधवांमध्ये आणि आपल्या समाजात या आजाराचे प्रमाण जास्त असताना हे मौन परवडणारे नाही.

आजार नेमका कुठे आहे ते समजून घेऊ. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रथिन आहे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. हिमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा माळेत १४६ मणी. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, एवढाच बिघाड. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवते, व्हॅलीनला नाही. म्हणून ऑक्सिजन सोडताच हे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब तंतू बनतात. गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकते, ताठरते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते. असह्य वेदना, रक्तक्षय, कावीळ हे सारे त्यातून येते. हा रेणूचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्येच दाखवले.

यात जातीचा, पापाचा, नशिबाचा काहीही संबंध नाही. जिथे मलेरिया होता तिथे हे जनुक टिकले, कारण वाहकाला गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळते. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस इथेही ते आहे.

तरीही आजारी मूल जन्मले की बोल सुनेलाच लागतो. हे अन्यायाचे आहे आणि विज्ञानाला धरूनही नाही. एसएस मुलाला एक दोषी जनुक आईकडून येते, दुसरे बापाकडून. आईवडील दोघेही एएस, म्हणजे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक आणि दुसरा एए असेल, तर मूल फार तर वाहक होईल, एसएस होणार नाही. म्हणून वाहक मुलीचे स्थळ नाकारू नका. ती रुग्ण नाही.

सोल्युबिलिटी ही साधी चाचणी आहे. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून खात्री करून घ्यावी. केंद्र सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम २०२३ पासून सुरू आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. मेळाव्याच्या आयोजकांनी फॉर्मवर हा रकाना घालावा, आणि तो मुलगा-मुलगी दोघांनीही भरावा. पत्रिका आपण सोडली. आता रिपोर्ट जुळवू या.