अर्ज भरला, पण जतन झाला का?



गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या शेजारच्या खालांच्या मुलीचा नाशिकच्या एका कॉलेजात प्रवेश ठरला. कॉलेजाने अर्जाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. आमच्या घरच्या जुन्या संगणकावर बसून मुलीने दोन तास खपून तो अर्ज भरला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून अब्बांसोबत नाशिकला गेली. तिथून फोन आला, "सर, फॉर्म तो कोरा निकला!"

इकडे सुरगाण्यात पाऊस, वीज गेलेली. आम्ही इथून काहीही पाठवू शकत नव्हतो. पोरीने दुकानाच्या ओट्यावर उभ्या-उभ्या पेनाने अर्ज भरला. त्या घाईत आडनाव चुकले. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'शेख' हे इंग्रजीत एस-एच-ए-आय-के-एच असे आहे. तिने एस-एच-ई-आय लिहिले. एका अक्षराने घोळ केला. पुढे प्रतिज्ञापत्र आणि दोन फेऱ्या. आपल्या घराघरात हा त्रास ठाऊक आहे. आधारवर एक शेख, रेशनकार्डावर दुसरे, दाखल्यावर तिसरे.

झाले काय होते? मुलीने अर्ज फायरफॉक्समध्ये उघडून भरला आणि जतनही केला. पण फायरफॉक्स मूळ फाइलला हात लावत नाही, भरलेली प्रत वेगळी ठेवतो. नाव तेच, फक्त शेवटी कंसात एक आकडा. डाउनलोडच्या फोल्डरमध्ये दोन फायली शेजारी-शेजारी होत्या, आणि पोरीने कोरी उचलली. चूक तिची म्हणावी तर आमचीही, कारण पाहिले आम्हीही नाही.

म्हणून आता आमच्याकडे एक शिस्त आहे. जतन करतानाच फाइलला नवे नाव द्यायचे: मुलीचे नाव, 'भरलेला' आणि तारीख. मग ती फाइल बंद करून दुसऱ्याच प्रोग्राममध्ये किंवा मोबाईलवर उघडायची. तिथे मजकूर दिसला तरच घराबाहेर पडायचे.

यासाठी पैसे मोजायची गरज नाही. फायरफॉक्समध्ये २०२० पासून पीडीएफच्या चौकटी भरता येतात. ओक्युलर नावाचा प्रोग्रामही उत्तम आहे, जुन्या संगणकावरही चालतो. दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत. मुक्त म्हणजे नुसते फुकट नव्हे. ते कसे चालते हे कुणालाही पाहता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. आमचा याकडे ओढा आहे तो एका जुन्या अनुभवाने. पीडीएफ १९९३ साली अ‍ॅडोबी कंपनीने आणली आणि २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. तरी अ‍ॅडोबीच्या फुकट रीडरमध्ये कित्येक वर्षे अर्ज भरून छापता येई, पण भरलेला जतन होत नसे. अर्ज बनवणाऱ्याने तशी खास सोय विकत घेऊन दिली असेल तरच होई. २०१२ च्या आवृत्तीत ती अट गेली. आपणच लिहिलेला मजकूर ठेवायला दुसऱ्याची परवानगी!

अर्ज उघडल्यावर आधी चौकटीत टिचकी मारून पाहा. कर्सर लुकलुकला तर तो भरण्याजोगा अर्ज. काहीच झाले नाही तर बहुधा कागदाचा नुसता फोटो आहे. आपल्याकडचे बरेच अर्ज असेच असतात. त्यावर फायरफॉक्समधल्या मजकुराच्या साधनाने लिहिता येते, अक्षरे रेघेवर बसवायला थोडा धीर लागतो एवढेच. काही फायली मात्र उघडताच इंग्रजीत 'कृपया थांबा' म्हणतात आणि तिथेच अडतात. हा एक्सएफए नावाचा जुना प्रकार. तोही फायरफॉक्सला २०२१ पासून कळतो.

मराठीत भरायचे असेल तर आधी एकच शब्द लिहून, जतन करून, पुन्हा उघडून बघा. कधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन येतात. उर्दूचे हाल त्याहून वाईट, अक्षरे सुटी होऊन पडतात. अशा वेळी आम्ही हट्ट न धरता तेवढ्या जागा छापून पेनाने भरतो.

भरलेल्या अर्जाच्या दोन प्रती ठेवा. एक दुरुस्त करता येईल अशी, दुसरी 'पीडीएफमध्ये छापा' करून पक्की केलेली. द्यायची ती पक्की. आणि दुकानात पेन ड्राइव्ह लावलाच तर दुकानदाराच्या संगणकावर काही उतरले असेल ते काढायला सांगा, कचरापेटीतूनही. मुलीचा फोटो, आधार आणि मोबाईल नंबर तिथे का पडून राहावा?

यंदा धाकटीचा अर्ज आला. थोरलीने स्वतःच संगणकाचा ताबा घेतला, गेल्या वर्षीचे कागद समोर ठेवून भरला, जतन केला, मोबाईलवर उघडून आईला दाखवला. खालांना वाचता येते ते उर्दू. त्या म्हणाल्या, "भाईजान, नाम एक एक हर्फ पढके सुनाओ."

आम्ही वाचले. एस, एच, ए, आय, के, एच.