भित्रा पहारेकरी

आमच्या वारणानगरच्या आसमंतात कुत्रा पाळण्याची दोनच कारणे मानली जातात. एक राखणीचे व दुसरे हौसेचे. या दोहोंवाचून जो गृहस्थ मोठ्या अंगाचा, दांडग्या जबड्याचा व परक्यावर धावून जाणारा कुत्रा घरी आणून ठेवतो, त्यास शेजारीपाजारी वेडा समजतात. मी तसा वेडा आहे. तथापि या वेडापायी जे पाहावयास मिळाले, ते शाळेच्या वार्षिकात सांगणे अप्रस्तुत होणार नाही असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

सन २०२३ च्या उन्हाळ्यात गुळाचा हंगाम आटोपल्यावर एका गुऱ्हाळघरास टाळे लागले आणि तेथे राखणीस बांधलेला कुत्रा तसाच मागे राहिला. साखळी जेमतेम दोन हात लांब होती. गळ्यातला पट्टा कातडीत रुतला होता. लांब मुस्कट, निमुळते पोट व उंच पाय पाहून त्याच्या अंगी कारवानी रक्त असावे असे वाटे. डोके व छाती मात्र दुसऱ्याच कोणाची. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी याच वंशाचे कुत्रे पंचम जॉर्ज बादशहास नजर केले होते आणि २००५ साली आपल्या टपाल खात्याने या जातीचे तिकीटही काढले. आमच्या भीमास या कुलीनतेचा काडीइतकाही उपयोग झालेला नव्हता.

भीमा हे नाव मुलांनी ठेवले. देहाकडे पाहता ते शोभते. मनाकडे पाहता ती थट्टाच होय. घरी आणल्यानंतर पहिले कित्येक आठवडे, फाटकाशी कोणी उभा राहिला की तो दात विचकून साखळी ताणीत पुढे झेपावे. येणारे जाणारे म्हणत, "मास्तर, लई जहाल कुत्रं हाय!" मलाही तसेच वाटे. परंतु एके दिवशी त्याच्या तोंडाऐवजी शेपटीकडे माझे लक्ष गेले. ती दोन पायांच्या मध्ये घट्ट दबलेली होती! त्यानंतर मी नीट पाहू लागलो. झेप घेण्यापूर्वी तो नाक चाटी, जांभई देई, मान फिरवी, डोळ्यांच्या कडांतून पांढरे बुबुळ दाखवी, आणि मग क्षणभर दगडासारखा ताठ होई. 'मला भय वाटते, दूर व्हा,' असे तो इतक्या परींनी सांगत होता. कोणास ते कळत नसे म्हणून तो शेवटी ओरडे. ओरडल्यावर माणूस निघून जाई. पोस्टमन तर पत्र टाकून असाही जाणारच. परंतु भीमाच्या हिशेबी तो आपल्या पराक्रमानेच पळाला! रोज असा एकेक विजय मिळत गेल्यावर भित्र्याचा जहाल होण्यास कितीसा वेळ लागणार?

हे समजण्यास मला फार उशीर लागला, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याने दिली. एका विद्यार्थ्याने वह्यांचा गठ्ठा घेऊन फाटक उघडले. भीमा मोकळा होता. त्याने मुलाचे मनगट धरले. साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन आम्ही दवाखाना गाठला, लसीच्या सर्व सुया वेळच्या वेळी झाल्या, जखमही भरली. पण त्या मुलाची आई मला म्हणाली, "मास्तर, तुमचं कुत्रं भ्यालंय म्हणता, पर माझं पोरगंबी भ्यालंयच की!" या वाक्यास मजजवळ उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

त्या दिवसानंतर मला दोन सल्ले मिळाले. पहिला, कुत्र्यास पोत्यात घालून रात्री पन्हाळ्याच्या घाटात सोडून यावे. यात शहाणपण इतकेच, की आपल्या दारातले भय दुसऱ्या कोणाच्या दारात नेऊन टाकावयाचे. दुसरा सल्ला असा, की त्यास एकदा चांगला झोडपावा, म्हणजे 'धनी कोण' ते त्यास कळेल.

या दुसऱ्या सल्ल्याविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तो शहरातील शिकलेल्या लोकांच्या तोंडीही ऐकू येतो. रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने पिंजऱ्यातील लांडग्यांच्या कलहाचे वर्णन १९४७ साली प्रसिद्ध केले, आणि कळपात एक दांडगा नायक सर्वांस दाबून ठेवतो, ही कल्पना तेथून रूढ होत गेली. अमेरिकन संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ग्रंथाने ती सर्वतोमुखी झाली. पुढे मेक यांनीच रानातील लांडग्यांचे निरीक्षण करून १९९९ साली स्पष्ट लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप व त्यांची पिले असतात. नायक म्हणजे बाप, गुंड नव्हे. कर्त्याने आपले मत सोडले, परंतु काठी उगारणाऱ्यांनी ते अजून सोडलेले नाही. भ्यालेल्या कुत्र्यास मारले म्हणजे माणसाविषयीचे त्याचे भय खरे ठरते. आणि गुरगुरण्याबद्दल मारले, तर तो गुरगुरणे तेवढे सोडतो, चावणे सोडीत नाही. मग घंटा न वाजविता येणारी गाडी आपण तयार केली असे होते. वर्गात पुष्कळ वर्षे काढलेल्या माणसास याहून अधिक सांगण्याची गरज नाही. छडीने गप्प बसलेला मुलगा आणि समजलेला मुलगा यांतील अंतर मी उशिरा का होईना, शिकलो आहे.

आपल्या कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे. देशी चित्ते दुर्मिळ झाल्यावर ते आफ्रिकेतून आणविले जात. चित्ता माणसाळविण्याची जुनी रीत मऊ होती असे मुळीच नाही. डोळ्यांवर टोपी चढविणे, माणसांच्या गलबल्यात झोप मोडणे असले प्रकार तीत होते. तरी रानातून धरलेला तो प्राणी अखेर वश होई, तो हातून मिळणाऱ्या मांसामुळे व रोजच्या सहवासामुळे. हे त्या अशिक्षित चित्तेवानांस ठाऊक होते.

याहून सौम्य रीत १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी एका लहान मुलावर यशस्वी करून दाखविली. पीटर नावाचा तो मुलगा सशास भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असता बाईंनी ससा दूर ठेवला, आणि दर खेपेस किंचित जवळ आणला. शेवटी पीटर सशास आपली बोटे कुरतडू देऊ लागला. भीमासाठी मी हेच केले. चाळीस पावलांवर उभा असलेला माणूस त्यास सोसवतो, असे आढळले. तेथून माणूस दिसला की लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. माणूस दिसेनासा झाला की तुकडेही बंद. क्रम असाच हवा. आधी तुकडा व मग माणूस असे केले, तर कुत्रा तुकड्यासच भिऊ लागतो. चाळीसची तीस पावले होण्यास दोन महिने लागले.

आणि मग ती पुन्हा चाळीस झाली. तात्यासाहेब कोरे यांनी सहकाराच्या बळावर उभारलेल्या आमच्या कारखान्याच्या हंगामात भोंगा वाजतो, उसाच्या ट्रॅक्टरांवर रात्रंदिवस गाणी गर्जत असतात, त्यातच दिवाळीचे फटाके! शिवाय दोष माझाही होता. शेजाऱ्यांस प्रगती दाखविण्याच्या हौसेने मी त्यास गणपतीच्या गर्दीच्या कडेला नेऊन उभा केला. तो परीक्षेस बसला नव्हता, मी त्यास बसविला होता. हल्ली बारा पावलांवर तो स्वस्थ राहतो. पिलाचे मन तिसऱ्या ते सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत नव्या माणसांस सहज आपले म्हणते; ते आठवडे ज्याने साखळीत काढले, त्याचे भय समूळ जाईल असे मी कोणास सांगत नाही.

म्हणूनच जे प्राणिमित्र 'तो काही करीत नाही हो' असे हसत म्हणतात, त्यांजवरही माझा राग आहे. ज्याचे मनगट धरले गेले, त्याने ते ऐकून काय करावे? कुत्र्यावर दया करणे हा माझा अधिकार असेल, पण त्या दयेचे बिल शेजाऱ्याच्या मुलाने भरावे हा नव्हे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेले व आक्रमक कुत्रे पुन्हा रस्त्यावर सोडण्यास मनाई केली, आणि जो मोकाट कुत्रा दत्तक घेईल त्याने तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही हे पाहावे, असेही बजावले. भारतीय न्याय संहितेचे २९१ वे कलम तर आपल्या जनावरापासून इतरांस इजा होऊ नये म्हणून पुरेशी खबरदारी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही सांगते. मला हे योग्य वाटते. माझ्या घरी रांगते मूल असते, तर भीमास मी ठेवून घेतले नसते, हेही येथे कबूल करतो.

आता आमच्या फाटकास आत दुसरे फाटक आहे. एक उघडे असता दुसरे उघडत नाही. घराबाहेर भीमास मुसके असते. ते तोंड आवळणारे नसून जाळीच्या पिंजऱ्यासारखे आहे, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंगाची उष्णता घालवितो आणि तोंड बांधलेला कुत्रा उन्हात मरावयाचाच. त्यात कलेजी ठेवून पंधरा दिवस शिकविल्यावर हल्ली मुसके काढले की तो आपण होऊन नाक पुढे करतो. ते पाहून लोक दूर होतात, याचे मला वाईट वाटत नाही. भीमास तेच हवे असते.

तो विद्यार्थी आता वरच्या इयत्तेत आहे. वह्या तो शाळेतच देतो आणि घरी जाताना आमची गल्ली टाळून पलीकडच्या रस्त्याने जातो. भीमा आता पुष्कळ सुधारला आहे, एकदा येऊन पाहा, असे त्यास सांगावे असे दोनतीनदा माझ्या मनात आले. मी सांगितले नाही. चाळीस पावले कोणास लागतात व बारा कोणास, हे त्याचे त्याने ठरवावयाचे आहे.