वहिनींचं मंगळसूत्र आणि आपला सातबारा

दरसाल २२ सप्टेंबरला आपल्या भागातल्या शाळांतून कर्मवीर अण्णांची जयंती होते. प्रभातफेरी निघते, पोरं घोषणा देतात, प्रमुख पाहुण्यांची भाषणं होतात. आपल्या सभासदांपैकी किती जण 'रयत'च्या शाळेत शिकले याची मोजदाद करायला बसलो तर यादी संपायची नाही. पण त्या फोटोशेजारी दुसराही एक फोटो असतो. डोईवर पदर घेतलेली बाई. हार तिलाही घालतात, पण भाषणात तिच्या वाट्याला दोन वाक्यं येतात. आज आम्हाला त्या बाईविषयीच लिहायचं आहे.

लक्ष्मीबाई भाऊराव पाटील. माहेर कुंभोजचं, पाटलाच्या घरातलं. सासर वाळवे तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. जैन घराणं, म्हणजे सोवळंओवळं, खाण्यापिण्याचे नियम सगळं आलंच. माहेरून अंगावर सोनंही भरपूर आलेलं. नवरा कधी काचकारखान्यासाठी हिंडणारा, कधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर खपवत गावोगाव फिरणारा. नांगर विकता विकता अण्णांना दिसलं की शेतकऱ्याच्या पोराला अक्षर नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळ्या जातींची पोरं एका छताखाली, एका पंगतीला. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं.

आता एका पंगतीला म्हणणं सोपं आहे. पण त्या पंगतीला भाकरी कुणी थापल्या? सभेत ठराव पास करून चूल पेटत नाही. ज्या घरात दुसऱ्या जातीच्या माणसाला उंबऱ्याआत पाणी मिळत नव्हतं त्या काळात एका पाटलाच्या लेकीनं ही पोरं स्वयंपाकघरात घेतली. त्यांना जेवू घातलं, आजारी पडली तर उशाशी बसली. तिला पहिल्या दिवशी काय वाटलं असेल, मनातून किती झगडावं लागलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. अण्णा वर्गणीसाठी गावोगाव हिंडत. मागं घर आणि बोर्डिंग असं वेगळं काही उरलंच नव्हतं. सगळा एकच खटला, आणि त्याची कारभारीण ही.

दाणे संपले की डाग मोडायचा. एकेक करत सगळं सोनं गेलं. शेवटी मंगळसूत्र राहिलं होतं. अण्णा बाहेरगावी, पोरं उपाशी, तेव्हा बाईंनी तेही काढून दिलं. ही हकीकत आपल्याकडं शाळेत जाणाऱ्या प्रत्येक पोरानं ऐकली आहे. ऐकून ऐकून ती गुळगुळीत झाली आहे. पण सभासद बंधूंनो, आपल्या घरातल्या बाईला एकदा विचारून बघा, मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय असतं ते. त्यातून त्या काळी! १९३० साली बाई गेल्या. वय काही फार नव्हतं. १९४७ चं साताऱ्याचं कॉलेज त्यांनी पाहिलं नाही, १९५४ चं कराडचंही नाही. वडाचं झाड त्यांनी रोप असतानाच पाहिलं.

हे सगळं साखर कारखान्याच्या पत्रिकेत कशाला, असं कुणी म्हणेल. म्हणू दे.

आपले कारखाने तरी कशावर उभे राहिले? १९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सुरुवात केली, मग आपल्याकडंही लोक शेअरसाठी गावोगाव फिरू लागले. आमच्या घरी शेअरचा पहिला हप्ता भरला तो आजीच्या पाटल्या मोडून. पावती मात्र आजोबांच्या नावची. त्यात आजोबांचं चुकलं असं आम्ही म्हणत नाही, तेव्हा रीतच तशी होती. आजी शेवटपर्यंत सांगायची, "कारखान्याच्या धुराड्यात माझ्या पाटल्या हाईत." आम्ही पोरं हसायचो.

पुढं वडील वारले तेव्हा हसू उतरलं. जमीन वडिलांच्या नावावर, शेअर वडिलांच्या नावावर, ऊस नोंद त्यांचीच, बिल जमा होणारं खातंही त्यांचंच. वारसाचा रकाना कोरा. ऊस उभा, तोड तोंडावर आलेली, आणि आई एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालतेय. जिनं लागणीची कांडी मांडली, भांगलण केली, तोडकऱ्यांना भाकरी दिल्या, तिला कागदावर विचारत होते, "तुमचा संबंध काय?" कुठली कचेरी ते सांगत बसत नाही. साहेब वाईट नव्हता, त्याच्यापुढं कागदच तसा होता. तो कागद तसा आमच्याच घराण्यानं ठेवला होता.

ही वेळ आपल्या गटात आणखी कुणावर आली नसेल असं आम्हाला वाटत नाही.

तेव्हा आमचं स्पष्ट मत असं. लक्ष्मीबाईंच्या फोटोला हार घालणाऱ्यानं त्याआधी आपला सातबारा काढून बघावा. ही काही आमच्या डोक्यातून निघालेली नवी टूम नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेनं बायकांचं मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतर शरद जोशींनी बायकोच्या नावावर जमीन करण्याची मोहीम काढली. नाव 'लक्ष्मी मुक्ती'. पुढं १९९२ साली सरकारनंही याच नावानं निर्णय काढला. नवऱ्यानं राजीखुशीनं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्याला लागतं, त्याला खरेदीखताचा खर्च पडत नाही. आज तीस वर्षांवर काळ गेला. चावडीत जाऊन बघा किती नावं लागली.

काही जण म्हणतील, बाई शेवटी घरचीच, नावाला काय करायचं? मग पुरुषही घरचाच आहे की! त्याला नाव का लागतं? दुसरे म्हणतात, बायकोचं नाव लावलं तर भावकीत बोभाटा होईल, पोरं उद्या भांडतील. पोरं आता काय कमी भांडतात? संचालक मंडळात बायकांच्या दोन जागा कायद्यानंच राखीव आहेत. त्या भरायची वेळ आली की कुणाची सौ. बसवायची याचा खल होतो. रजिस्टरात बायकाच मोजक्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? हे आमच्या पत्रिकेतच लिहायला थोडं अवघड वाटतं, पण लिहिलं.

येत्या वार्षिक सभेत आम्ही सूचना मांडणार आहोत की, ऊस नोंदीच्या वेळीच प्रत्येक सभासदाचा वारसनोंदीचा फॉर्म तपासावा आणि कोरा असेल तर चिटबॉयनं तिथंच भरून घ्यावा. दुसरं, नवराबायको दोघांच्या नावची जमीन असेल तर बायकोलाही स्वतंत्र सभासद होता यावं म्हणून शेअरची रक्कम हप्त्यानं घ्यावी. मंडळाला वाटलं तर त्यात दुरुस्ती करावी, पण विषय पुढच्या सालावर ढकलू नये.

आमचा स्वतःचा फॉर्म गेल्या हंगामात भरला. घरी आणून दाखवला तर मंडळींनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "ह्याला फोटो जुना चालतो का?" जुना चालत नाही. नवीन काढावा लागतो, दोन प्रती. बाकी आधारची झेरॉक्स आणि शेअर सर्टिफिकेटचा नंबर बरोबर न्यावा. फॉर्म गटऑफिसात मिळतो.